सामुराई तलवारीवरची 'सरस्वती' आणि त्या फॉरवर्डमधली बाकीची वाक्यं

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर मावसभावानं एक फॉरवर्ड टाकलं, दोन दिवसांत तेच सोसायटीच्या ग्रुपवर आलं, मग शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, आणि काल ऑफिसातल्या एकानं मला पर्सनलवर पाठवलं की तुला या जपानी वस्तूंचं वेड आहे ना, हे बघ. चौथ्यांदा आलं तेव्हा ठरवलं की आता एकदाच नीट लिहून टाकू आणि पुढे लिंक देऊ, कारण दर वेळी ग्रुपवर टाइप करत बसलं की शेवटी आपणच आगाऊ ठरतो.

ज्यांच्याकडे आलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. वर फोटो आहेत तीन-चार, काळ्या धातूच्या गोल चकत्या, मधे उभट तिकोनी भोक, आणि त्यावर सोन्या-चांदी-तांब्यात बसवलेल्या छोट्या आकृत्या. खाली मजकूर असा: "जपानी सामुराई युद्धावर जाताना तलवारीवर आपले हिंदू देव कोरून घेत. सरस्वती, उज्जैनचा महाकाल, कुबेर आणि गणपतीसुद्धा! ही कला भारतातून, आपल्या बिदरहून तिकडे गेली. हा काळा धातू गुप्त मिश्रण असून विज्ञानाला आजही त्याचं कोडं सुटलेलं नाही. त्यात वितळवलेलं शुद्ध सोनं ओतत. तलवार घडवणारा लोहार एकटाच हे सगळं करत असे. १८७६ ला तलवारबंदी आली आणि ही कला कायमची नष्ट झाली. आज अशी एक चकती कोट्यवधींना जाते." मग हात जोडलेले तीन इमोजी आणि पुढे पाठवा.

मी काही तज्ज्ञ वगैरे नाही, पण सात-आठ वर्षं या वस्तू बघतोय, वाचतोय, दोन तुकडे घरातही आहेत (त्यातल्या एकाची फजिती खाली येईलच). या फॉरवर्डमध्ये सगळंच खोटं असतं तर सोपं होतं. पण यात खऱ्याचे तुकडे आहेत आणि ते अशा पद्धतीनं जोडलेत की मूळ गोष्टीतली खरी मजाच गेली.

ती चकती म्हणजे त्सुबा, तलवारीची मूठ आणि पातं यांच्या मधली हाताची ढाल म्हणा, मधल्या भोकातून पात्याचं शेपूट मुठीत जातं. तिच्याबरोबर आणखी सामान असतं, मुठीच्या तोंडाशी कडं असतं ते फुची, मुठीच्या टोकाला टोपण, वेष्टणाच्या दोरीखाली दडवलेले दोन छोटे दागिने ते मेनुकी, आणि म्यानाच्या बाजूच्या खाचेत बसणाऱ्या छोट्या सुरीची चपटी मूठ, ती कोझुका. हे सगळं सामान मिळून एखाद्या पेन्सिल बॉक्समध्ये मावेल, आणि त्यावर आख्खी पुराणं आहेत.

"आपले हिंदू देव कोरून घेत"

इथेच जरा जास्त थांबतो, कारण लोकांना हेच आवडलंय.

जपानमध्ये सात भाग्यदेवता आहेत, शिचिफुकुजिन. हे सातजण तलवारीच्या सामानावर खूप दिसतात, कधी सगळे एका होडीत बसलेले, कधी एकेकटे. त्यातले तीन मूळचे भारतातले, हे अगदी खरं. बेंझाइतेन म्हणजे सरस्वती, दाइकोकु म्हणजे महाकाल, आणि बिशामोनतेन म्हणजे वैश्रवण, ज्याला आपण कुबेर म्हणतो (विश्रवाचा मुलगा तो वैश्रवण, नावातला 'बिशामोन' तिथूनच आलाय). पण मग बाकीचे चार? होतेइ, फुकुरोकुजु आणि जुरोजिन हे तिघे चीनमधून आलेले, आणि एबिसु हा एकटा पक्का जपानी, कोळ्यांचा देव, काखेत मोठा मासा. म्हणजे सातात तीन भारत, तीन चीन, एक घरचा. फॉरवर्डवाल्यानं तीन उचलले आणि चार फोटोबाहेर ठेवले.

जाता जाता, होतेइ तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. दुकानात गल्ल्याशेजारी, घरात शोकेसमध्ये तो ढेरीवाला हसणारा 'लाफिंग बुद्धा' असतो ना, तोच. तो गौतम बुद्ध नाहीच, दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा एक चिनी भिक्षू आहे, झोळी घेऊन फिरणारा. आपल्याकडे अर्ध्या घरांत हा चिनी भिक्षू आहे म्हणून उद्या चिनी लोकांनी "भारतीय घरात आमचे देव पुजतात" असं फॉरवर्ड फिरवलं तर आपल्याला कसं वाटेल.

बरं, ते तीन भारतीयसुद्धा तिकडे पोचेपर्यंत जे बदललेत ते बघा. हे देव थेट भारतातून जहाजात बसून गेले नाहीत, बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे गेले, म्हणजे 'हिंदू देव' म्हणून नाहीच, बौद्ध धर्माचे रक्षक म्हणून. उज्जैनचा तर काहीच संबंध नाही. सातव्या शतकात यीजिंग नावाचा चिनी भिक्षू भारतात येऊन राहिला होता, त्यानं लिहून ठेवलंय की इथल्या मठांच्या स्वयंपाकघरात खांबापाशी महाकालाची छोटी लाकडी मूर्ती असते, हातात सोन्याची थैली, आणि लोक तिला तेल लावून लावून ती काळी झालेली. वाचताना एकदम गावातला मारुती आठवतो. हा असा भटारखान्याचा राखणदार महाकाल जपानी मठात गेला, आणि मग तिथे गंमत झाली. दाइकोकु म्हणजे 'मोठा काळा', शब्दशः महाकाल. पण जपानच्या स्वतःच्या एका जुन्या देवाचं नाव, ओकुनिनुशी, ज्या अक्षरांनी लिहितात ती अक्षरंही 'दाइकोकु' अशीच वाचता येतात. दोघं मिसळले. त्यातून जो तयार झाला तो तांदळाच्या पोत्यांवर उभा, हातात नशिबाचा हातोडा, पाठीवर झोळी, पायाशी उंदीर, गालात हसणारा टोपीवाला. याच्यात आपला रुद्र महाकाल ओळखून दाखवा बघू. पुण्यातल्या कुठल्याही भाविकाला तो त्सुबा दाखवला तर तो म्हणेल मारवाडी शेठ दिसतोय.

बेंझाइतेनचंही तसंच. हातात वीणेऐवजी बिवा नावाचं तंतुवाद्य, बरोबर पांढरा साप किंवा ड्रॅगन, आणि देवळं बहुतेक पाण्याजवळ, बेटावर (सरस्वती मुळात नदी होती हे तिकडे विसरले नाहीत, हे मला फार भारी वाटतं). आता "युद्धावर जाताना" या शब्दांत थोडं तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. ज्या बौद्ध सूत्रातून ती जपानला पोचली त्यात ती आठ हातांची शस्त्रधारी आहे, आणि ११८२ मध्ये मिनामोतो योरितोमो या सामुराई सरदारानं शत्रूवर विजय मिळावा म्हणून एनोशिमा बेटावर तिची स्थापना करवली अशी नोंद आहे. पण त्सुबावर जी दिसते ती बहुतेक वेळा ही रणरागिणी नाहीच, शांतपणे बसून बिवा वाजवणारी बाई असते.

आणि फोटोतला 'गणपती'. झूम करा. सोंड आहे, मान्य, सुळे आहेत. पण खाली चार पाय आहेत, पायाला वाघासारखे पंजे आहेत, मानेवर कुरळी आयाळ आहे. हा बाकु, वाईट स्वप्नं खाणारा लोककथेतला प्राणी. लहान मूल रात्री घाबरून उठलं की बाकुला हाक मारायची, तो येऊन स्वप्न खाऊन टाकतो. देवळांच्या तुळयांच्या टोकांवरही असतो. जपानमध्ये गणपती खरंच आहे, नाव कांगितेन, पण त्याची मूर्ती बहुतेक देवळांत बंद कपाटात झाकून ठेवतात, भाविकांनाही दर्शन नसतं. ज्याला देवळातच पडद्याआड ठेवतात तो भर रस्त्यात कमरेला लावून कोण फिरणार? तलवारीच्या सामानावर हत्ती दिसला तर आधी बाकु समजा, नाहीतर समंतभद्र बोधिसत्त्वाचं वाहन.

मजा म्हणजे भारताशी असलेला सगळ्यात पक्का धागा या फॉरवर्डवाल्यानं बघितलाच नाही. कित्येक पात्यांवर आणि काही त्सुबांवर चक्क संस्कृत अक्षरं कोरलेली असतात. सिद्धम् लिपी, देवनागरीची चुलत बहीण, भिक्षू कुकाई ८०६ मध्ये चीनहून परतला तो या विद्येसकट. प्रत्येक देवतेचं एक बीजाक्षर. सामुराईंचा लाडका देव फुदो, म्हणजे आपल्या ग्रंथांतला 'अचल', जागचा न हलणारा, आजूबाजूला ज्वाळा, हातात तलवार आणि पाश. त्याचं बीजाक्षर 'हां', जपानी जिभेवर त्याचा 'कान' झाला. ते अक्षर नीट बघितलं तर आपल्यातल्या कुणालाही 'ह'चं वळण सापडेल. पण तिथे हत्ती नाही ना, मग फॉरवर्ड कसं होणार.

आणि एकूण संख्या बघितली तर या सामानावर देवांपेक्षा इतर मंडळीच जास्त आहेत. शोकी हा चिनी भूत पकडणारा, दाढीवाला, डोळे वटारलेला, तो तर इतका पॉप्युलर की विचारू नका. एका बाजूला शोकी तलवार उपसून शोधतोय आणि चकती उलटी केली की मागे छोटं भूत दबा धरून बसलंय, असे त्सुबा आहेत. तीन पायांच्या बेडकाला खांद्यावर घेतलेला गामा सेन्निन आहे. पीचमधून जन्मलेला मोमोतारो, किटलीचं रूप घेणारा तानुकी (कुत्र्यासारखा दिसणारा मायावी प्राणी), जीभ कापलेली चिमणी, कुरामा डोंगरावर लांब नाकाच्या तेंगू नावाच्या भुताकडून तलवारबाजी शिकणारा लहान योशित्सुने, पुढचा मोठा योद्धा. माझं आवडतं म्हणजे झाडावरून एकमेकांच्या शेपट्या धरून लोंबकळणारी माकडं, पाण्यातला चंद्र पकडायला बघणारी. ही गोष्ट मूळची भारतीय बौद्ध ग्रंथातली आहे, वाराणसीजवळची विहीर आणि वडाचं झाड. हिला कोणी देव म्हणत नाही म्हणून फॉरवर्डमध्ये जागा नाही.

"बिदरहून तिकडे गेली"

नाही. पुरावा काय? फॉरवर्डमध्ये दोन फोटो शेजारी शेजारी लावलेत, काळ्यावर चांदी इकडे, काळ्यावर सोनं तिकडे, झालं सिद्ध.

बिदरी मलाही प्रिय आहे, आमच्या आजोळी एक जुना पानदान आहे. पण बिदरीचा धातू म्हणजे जवळपास सगळं जस्त, त्यात थोडं तांबं. तो आधी ओततात, मग कोरून चांदीची तार आणि पत्रा ठोकतात, आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर यांच्या लगद्यात घालून काळा करतात. जपानी काळ्या धातूत जस्त औषधालाही नाही, तो तांबं आणि सोन्याचा. माती नाही, वेगळंच रसायन. दोघांमध्ये एक आयडिया मात्र सारखी आहे आणि ती कमाल आहे, की काळं करणारं रसायन फक्त बेस धातूवर चढतं आणि बसवलेली चांदी किंवा सोनं तसंच चमकत राहतं. ही आयडिया जगात एकाच ठिकाणी सुचली असं समजायचं काही कारण नाही. इजिप्तमध्ये साधारण ३८०० वर्षांपूर्वीच्या काळ्या केलेल्या तांब्याच्या मूर्ती आहेत ज्यात सोनं मिसळलंय, बिदर शहर वसायच्या कितीतरी आधी.

"गुप्त मिश्रण, विज्ञानाला कोडं"

हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. कारण खरं उत्तर इतकं सुंदर आहे आणि ते कोणी सांगत नाही.

धातूचं नाव शाकुदो. तांबं, आणि त्यात साधारण ३ ते ५ टक्के सोनं. बस. नुसता घडवला तर तो तांब्यासारखाच दिसतो, काळाबिळा काही नसतो, कोणी म्हणणारच नाही यात सोनं आहे. दुसरा धातू शिबुइची, नावाचा अर्थच 'चारातला एक', म्हणजे तीन भाग तांब्याला एक भाग चांदी. हाही नुसता बघितला तर फिकट, साधाच.

जादू शेवटच्या आंघोळीत आहे. वस्तू पूर्ण घडवून, घासून, आधी मुळ्याच्या किसात बुडवतात (हो, आपला मुळा, जपानी मोठा पांढरा), म्हणजे पृष्ठभाग ओला आणि एकसारखा राहतो. मग तांब्याच्या भांड्यात पाणी, त्यात तांब्याचा हिरवा कळंक आणि मोरचूद, आणि हे उकळत ठेवून त्यात वस्तू सतत हलवत राहायची. आता बघा काय होतं. त्याच एका भांड्यात, त्याच पाण्यात, शाकुदो जांभळट काळा होतो, कावळ्याच्या पंखासारखा. शिबुइची राखाडी होतो. साधं तांबं विटकरी लाल होतं. सोनं तसंच पिवळं, चांदी तशीच पांढरी. म्हणजे एकाच चकतीवर शोकीचा काळा झगा, तांब्याचा लालबुंद चेहरा, सोन्याचा काठ, राखाडी ढग, हे सगळे रंग एकाच वेळी एकाच उकळीत आपोआप उमटतात. रंग आधीपासून धातूत लपलेला असतो, कारागिरानं महिनाभर रंगांशिवाय काम केलेलं असतं, कुठे कोणता रंग येणार हे फक्त त्याच्या डोक्यात. बीपीएल कंपनीचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही बघून मोठा झालेला मी, मला तर हे वाचून पहिल्यांदा रात्रभर झोप आली नव्हती.

आणि विज्ञान? तो काळा थर म्हणजे तांब्याचा ऑक्साइड, केसापेक्षा कितीतरी पातळ, आणि त्यातल्या सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे तो लाल न दिसता काळा दिसतो. विल्यम गौलंड नावाचा इंग्रज १८७२ पासून १८८८ पर्यंत ओसाकाच्या टांकसाळीत नोकरीला होता, त्यानं परत जाऊन जपानी धातुकामावर लिहिलं. एकोणिसाव्या शतकातच लंडनमध्ये या मिश्रधातूंचं पृथक्करण छापून आलेलं होतं. आज अमेरिकेत, युरोपात हौशी दागिने बनवणारे लोक गॅरेजमध्ये शाकुदो करतात. घरी करून बघणाऱ्यांना एकच सांगणं, मोरचूद विषारी आहे, स्वयंपाकाचं भांडं घेऊ नका आणि वाफ नाकात घेऊ नका.

"वितळवलेलं सोनं ओतत"

दहावीचं सायन्स आठवा. सोनं १०६४ अंशाला वितळतं, तांबं १०८५ ला. शाकुदो तांब्याच्याही थोडं खालीच. म्हणजे तुम्ही कोरलेल्या नाजूक खाचेत वितळलेलं सोनं ओतलंत तर खाच राहणार नाही, महिन्याचं कोरीव काम एका क्षणात चिखल होईल. आपला कुठलाही सोनार हसेल यावर.

हे काम थंड धातूत होतं, छिन्नी आणि हातोडी. साधी सपाट जडावाची पद्धत अशी, आकृतीची खाच कोरायची, पण खाचेच्या भिंती आत तिरक्या, म्हणजे तोंडाला अरुंद आणि तळाला रुंद, सुतार दाराच्या चौकटीला खाच पाडतो तशी. मग सोन्याचा तेवढाच तुकडा कापून आत ठेवून ठोकायचा. सोनं मऊ, ते पसरून त्या तिरक्या भिंतींखाली सरकतं आणि अडकतं, मग निघत नाही. उठावाची आकृती असेल, म्हणजे देव पृष्ठभागाच्या वर आलेला, तर ती वेगळी घडवून, तिचा तळ तसाच खाली बसवतात आणि वरून मग नाक-डोळे कोरतात. लोखंडावर करायचं असेल तर आणखी वेगळं, लोखंडाचा पृष्ठभाग बारीक छिन्नीनं तीन-चार दिशांनी ओरखडायचा, कापडाच्या विणीसारखा, आणि त्यावर सोन्याचा वर्ख दाबून ठोकायचा. त्याला तिकडे 'कापडाची वीण' अशाच अर्थाचं नाव आहे. आपल्याकडे राजस्थानात तलवारींवर कोफ्तगिरी करतात ती अशीच असते.

आणि त्या देवाच्या मागची पार्श्वभूमी बघा. काळ्या शाकुदोवर बारीक बारीक दाण्यांच्या ओळी दिसतील, माशाच्या अंड्यांसारख्या, नाव नानाको. प्रत्येक दाणा टोकाला वाटीसारखी खळगी असलेल्या पंचानं एकेक ठोकून उठवलेला, बऱ्याचदा एक मिलिमीटरहून लहान. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम बघितलंय ना, हंड्यावर ओळीनं ठोके? तीच शिस्त, फक्त हंड्याऐवजी नखाएवढी जागा. एक ठोका चुकला की आख्खी ओळ तिरकी. मी घरच्या फुचीवर भिंगातून एका सेंटिमीटरमधल्या ओळी मोजायला बसलो होतो, तीनदा चुकलो, नाद सोडला.

"लोहार एकटाच सगळं करत असे"

पातं घडवणारा वेगळा, धार लावून पॉलिश करणारा वेगळा, म्यानाचा सुतार वेगळा, लाखकाम करणारा वेगळा, मूठ बांधणारा वेगळा आणि हे जडावकाम करणारे तर पूर्ण वेगळ्या जगातले, सोनारांच्या जवळचे म्हणा. नानाको ठोकणारेही पुष्कळदा स्वतंत्र असायचे. गोतो हे सगळ्यात मोठं घराणं, मूळ पुरुष गोतो युजो (१४४० ते १५१२), शोगुन (म्हणजे देशाची सत्ता चालवणारा लष्करी प्रमुख) आशिकागा योशिमासाच्या पदरी होता, आणि तिथून सतरा पिढ्या हे काम चाललं. दरबारी ड्रेसला गोतोचंच काळ्यावर सोन्याचं सामान, जसं आपल्याकडे लग्नात ठरावीक पेढीचाच दागिना पाहिजे असतो. मग सतराव्या शतकाच्या शेवटी योकोया सोमिन (१६७० ते १७३३) नावाचा माणूस दरबारी चौकटीतून बाहेर पडला आणि शहरातल्या गिऱ्हाइकांसाठी मोकळ्या हातानं, जणू कुंचल्यानं चित्र काढल्यासारखं कोरायला लागला. तिथून या कामात जीव आला.

गिऱ्हाईक कोण होतं हेही बघा. १६१५ ला ओसाकाचा वेढा संपल्यावर अडीचशे वर्षं जपानमध्ये मोठं युद्ध जवळपास नाहीच. हे सगळं नाजूक सोन्याचं काम बहुतांश त्या शांततेतलं आहे. सामुराई तेव्हा फायली सांभाळणारे सरकारी कारकून झाले होते आणि छोटी तलवार लावायची मुभा असलेले व्यापारी पैसा फेकून हौस करत होते. त्या फोटोंतल्या वस्तूंनी रणांगण बघितलेलं असण्याची शक्यता फार कमी, चहापार्ट्या मात्र खूप बघितल्या असतील.

"१८७६ ला कायमची नष्ट"

२८ मार्च १८७६ ला सरकारनं कमरेला तलवार लावायला बंदी केली, हे खरं आणि कारागिरांची पोटं मारली गेली हेही खरं. पुष्कळांनी धंदे बदलले. लोकांनी तलवारींचं सामान काढून पेट्या भरभरून विकलं, म्हणूनच आज बॉस्टनच्या म्युझियममध्ये त्सुबांचा एवढा मोठा साठा आहे.

पण नष्ट? कानो नात्सुओ (१८२८ ते १८९८) घ्या. त्सुबा करणारा माणूस, नव्या सरकारनं त्याला बोलावून नव्या नाण्यांची डिझाइन्स आणि ठसे करायला लावले, पुढे तोक्योच्या कलाशाळेत प्रोफेसर झाला. ओकायामाचा शोआमी कात्सुयोशी तलवारी बंद झाल्यावर फुलदाण्या आणि धूपदान्यांकडे वळला आणि माझ्या मते त्याचं सगळ्यात चांगलं काम त्यानंतरचंच आहे. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सुझुकी चोकिची या धातुकाराचे बारा ससाणे होते, प्रत्येक वेगळ्या पवित्र्यात, पिसापिसाला वेगळा धातू, ते आज जपानमधल्या कानाझावा शहरात आहेत. टिफनी या अमेरिकी दागिन्यांच्या पेढीनं १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात जपानी धातूंची नक्कल करून बक्षीस मारलं. आणि कानाझावामध्ये हे काम आजही चालू आहे, तिथल्या नाकागावा मामोरु यांना २००४ मध्ये जपान सरकारनं 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा किताब दिला, याच जडावकामासाठी. जिवंत माणसाला 'नष्ट' म्हणणं म्हणजे जरा अतीच.

"कोट्यवधींना जाते"

कानो नात्सुओची खरी, कागदपत्रांसकट असलेली वस्तू प्रचंड महाग असते, त्यात वाद नाही. पण सही नसलेला साधा लोखंडी त्सुबा दहा-पंधरा हजार रुपयांतही मिळतो. आणि सही असली म्हणून खरा असतो असंही नाही, सोमिनच्या नावाची खोटी सही तर इतकी मारलीये की सोमिन लिहिलेलं दिसलं की आधी संशयच घ्यायचा.

आता माझी फजिती. क्योतोला तोजी देवळात दर महिन्याच्या २१ तारखेला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तिथे मी दोन वस्तू घेतल्या. एक शोकीचा त्सुबा, दणदणीत, सोनंबिनं भरपूर, पैसे मोजताना हात थरथरला. दुसरी एक झिजलेली फुची, दुकानदारानं जवळजवळ वर टाकल्यासारखी दिली. घरी येऊन भिंगाखाली घेतलं तर त्सुबावरचे नानाकोचे दाणे मऊ, एकमेकांत विरघळलेले, कडेला साच्याची बारीक रेघ, आणि सोनं खाचेत बसवलेलं नव्हतंच, वरून मुलामा होता, शोकीच्या कोपरावर उडालेला. ओतीव कॉपी. दोष माझाच, बाजारात भिंग खिशातच होतं आणि काढायची लाज वाटली.

फुची मात्र खरी. चार सेंटिमीटरसुद्धा लांब नाही, कडांना शाकुदोचा काळा थर घासून खालचं तांबं दिसतंय, पण दाणे अजून टोकदार, ओळी सरळ, आणि मधे सोन्याची टोपी घातलेला एक हसणारा म्हातारा, काखेत लाल तांब्याचा मासा, माशाच्या डोळ्यात काळा ठिपका. तो ठिपका वेगळा बसवलाय, मोहरीपेक्षा लहान.

हा एबिसु. सातातला नेमका तोच ज्याचा भारताशी काडीचा संबंध नाही.

मावसभावाला हे सगळं सांगून वर फोटोही पाठवला. त्यानं लगेच विचारलं, हा कसला देव? म्हटलं, कोळ्यांचा. तो म्हणाला, "म्हणजे आपल्या एकवीरेचा कोणीतरी लागत असणार बघ."

मी त्याला फोन करून सांगितलं, बाबा हे फक्त तुझ्याजवळ ठेव.